खेळ, खाऊ आणि शाबासकी: कुत्र्याला मारझोड न करता शिकवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षे मी पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत घरोघरी जाऊन पाळीव कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना शिकवते आहे. कुत्रा लॅब्रॅडॉर असो, रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लू असो किंवा सोलापूरकडून आलेला कारवान जातीचा शिकारी कुत्रा असो, पहिल्या भेटीत मला विचारले जाणारे प्रश्न जवळजवळ तेच असतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

बक्षीस देऊन शिकवणे म्हणजे नेमके काय?

ज्या कृतीच्या पाठोपाठ काहीतरी चांगले घडते ती कृती प्राणी पुन्हा करतो, या एका नियमावर ही सारी पद्धत उभी आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून १८९८ मध्ये या नियमाची मांडणी केली आणि पुढे १९३० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला ‘प्रबलन’ म्हणतात. कुत्रा बसला, लगेच पनीरचा तुकडा मिळाला, म्हणून तो पुन्हा बसून पाहतो. घरात जे घडते ते इतके साधे असते.

मात्र ‘चांगले’ काय हे ठरवण्याचा अधिकार कुत्र्याचा असतो, हे बहुतेक घरांत लक्षात घेतले जात नाही. डोक्यावर थोपटणे आपल्याला बक्षीस वाटते, पण अनेक कुत्र्यांना ते नकोसे असते. थोपटल्यावर कुत्रा अंग घासत जवळ येतो की मान मागे घेऊन ओठ चाटतो, हे एकदा नीट पाहावे. तो मान मागे घेत असेल, तर आपण बक्षीस समजून त्याला शिक्षाच देत आलो आहोत.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, असे म्हणतात. थोडी शिक्षा केल्याशिवाय कुत्रा खरोखर सुधारतो का?

शेपटाचे मला ठाऊक नाही, पण वागणूक बदलते आणि कोणत्याही वयात बदलते. शिक्षेनेही ती बदलते, हे मी नाकारत नाही. प्रश्न असा आहे की शिक्षेतून कुत्रा नेमके काय शिकतो. गादीवर बसला म्हणून चपलेने मारलेला कुत्रा ‘गादीवर बसू नये’ हे शिकेलच असे नाही. ‘बाबा घरी असताना गादीवर बसू नये’ किंवा ‘बाबांचा हात वर गेला की पळावे’ एवढेच तो शिकण्याची शक्यता अधिक असते.

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात असे दिसले की, मारणे, लाथ घालणे, अंगावर गुरगुरणे, जबरदस्तीने उताणे पाडून दाबून धरणे असे उपाय मालकांनी वापरले तेव्हा त्यांपैकी प्रत्येक उपायाला निदान पाव कुत्र्यांनी आक्रमक होऊन उत्तर दिले होते. पोर्तुगालमध्ये प्रशिक्षणवर्गांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. धाक-शिक्षेच्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले.

अभ्यास वाचण्याच्या कितीतरी आधी मी हे स्वतःच्या घरी पाहिले आहे. माझ्या पहिल्या कुत्रीला मी एका वर्गात नेत असे. तेथे गळा आवळणारी साखळी वापरत आणि ती कशी झटकायची हे मला हौसेने शिकवले गेले. ती सहा आठवड्यांत माझ्या पायालगत चालू लागली, आणि त्याच सहा आठवड्यांत साखळी खुंटीवरून काढल्याचा आवाज आला की दिवाणाखाली जाऊन बसू लागली. फिरायला जायचे म्हटल्यावर जो प्राणी नाचायला हवा, तो भिंतीकडे तोंड करून बसलेला मी पाहिला. त्याचे वाईट मला आजही वाटते, आणि माझ्या कामाची दिशा त्या दिवाणाजवळ बदलली.

आपण कळपाचे प्रमुख आहोत, हे कुत्र्याला दाखवून द्यावे लागत नाही का?

नाही. ही समजूत बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली; रुडॉल्फ शेंकेल यांनी ते निरीक्षण १९४७ मध्ये प्रसिद्ध केले होते. डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली आणि पुढे त्याच मेच यांनी रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षे पाहून १९९९ मध्ये ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्ले असतात. तेथे गादीसाठी मारामाऱ्या होत नाहीत. शिवाय कुत्रा हा लांडगा नाही आणि आपण दोघांपैकी कोणीच नाही, हे कुत्र्याला पुरेपूर कळते. दारातून आधी आपण बाहेर पडावे, आधी आपण जेवावे, या नियमांनी काही बिघडत नाही, पण त्यांतून कुत्रा शिकत काहीही नाही.

खाऊ देऊन काम करून घेणे ही लाच नव्हे का? खाऊ नसला की तो ऐकणारच नाही.

लाच आधी दाखवली जाते आणि मजुरी काम झाल्यावर मिळते. हा भेद पाळला तर तक्रार उरत नाही. कुत्र्याच्या नाकासमोर तुकडा धरून त्याला बसवणे हे पहिल्या पाच-सहा वेळांपुरते ठीक आहे. त्यानंतर हात तसाच, पण रिकामा हलवावा आणि कुत्रा बसल्यावर तुकडा दुसऱ्या हाताने, खिशातून किंवा मागच्या टेबलावरून काढून द्यावा. आपल्या हातात काही दिसत नसतानाही काम केल्यावर मिळते, हा विश्वास कुत्र्याच्या मनात बसला पाहिजे.

कृती पक्की झाल्यावर प्रत्येक वेळी खाऊ देण्याची गरज राहत नाही. कधी तुकडा, कधी चेंडू, कधी नुसते कौतुक, आणि एखाद्या वेळी लागोपाठ पाच तुकडे असे बदलते ठेवावे. मिळेल की नाही याची खात्री नसताना प्राणी अधिक चिकाटीने प्रयत्न करतो. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. खाऊ कमी करण्याची घाई जवळजवळ प्रत्येक घर करते, आणि गॅलरीत शिकलेली गोष्ट रस्त्यावर मोडते ती याच घाईमुळे. जागा बदलली की काही दिवस पुन्हा पूर्ण मजुरीवर यावे.

कोणता खाऊ द्यावा आणि किती?

उकडलेले चिकन, उकडलेले अंडे, पनीर, आणि शाकाहारी घरात गाजर, काकडी किंवा भाजलेल्या रताळ्याचे तुकडे चालतात. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. दिवसभराच्या आहारातून मिळणाऱ्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग अशा खाऊचा नसावा आणि तेवढे जेवण कमी करावे.

चॉकलेट, द्राक्षे, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगमसारख्या पदार्थांत असणारे झायलिटॉल हे कुत्र्याला विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि रश्शात कांदा असतो, हे घरातल्या प्रेमळ आजींना आवर्जून सांगून ठेवावे.

‘योग्य क्षण’ साधायला हवा असे सांगतात. तो कसा साधावा?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे. कुत्रा ज्या क्षणी हवे ते करतो, त्या क्षणापासून फार तर एखाद-दुसऱ्या सेकंदात त्याला कळले पाहिजे की हेच हवे होते. तो बसला, आपण डबा शोधला, झाकण उघडले, तुकडा काढला, तोवर तो उठून अंगावर उडी मारतो आणि तुकडा त्या उडीला मिळतो. मग महिनाभराने आपण विचारतो की हा उड्या का मारतो.

यासाठी एक खुणेचा आवाज ठरवतात. काही जण क्लिकर नावाची छोटी खटका वाजणारी डबी वापरतात. बटणाचे बॉलपेनही चालते. मला स्वतःला जिभेने टाळूवर केलेला ‘टक्’ हा आवाज सर्वांत सोयीचा वाटतो, कारण तो घरी विसरत नाही. आधी दोन दिवस नुसते टक् करावे आणि तुकडा द्यावा, असे पंधरा-वीस वेळा. आवाज ऐकताच कुत्रा मान वळवून आपल्याकडे पाहू लागला, की आवाजाचा अर्थ त्याला कळला. मग तो बसताना त्याचे मागचे पाय जमिनीला टेकण्याच्या क्षणी टक् करावे. तुकडा दोन सेकंदांनी पोहोचला तरी चालतो, कारण कोणत्या कृतीचे हे मोल आहे ते आवाजाने आधीच सांगितलेले असते.

‘हां!’ हा शब्द मात्र या कामी वापरू नये. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याने आयुष्यभर ‘हाड्’ ऐकलेले असते, आणि ‘हां’ जोरात म्हटले की सुरुवात तीच होते. एका घरात शाबासकी मिळताच कुत्री का दचकते, हे समजायला मला तीन भेटी लागल्या होत्या.

शब्द मराठीत वापरावेत की इंग्रजीत?

कुत्र्याला दोन्ही सारखेच आहेत. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरणे महत्त्वाचे आहे. आजी ‘बस रे बाळा’ म्हणतात, आई ‘सिट’ म्हणते, मुलगा ‘ए, खाली बस’ म्हणतो, आणि कुत्रा तिघांकडे पाहत उभा राहतो. शिवाय ‘बस’ हा शब्द आपण दिवसभर जेवणाच्या ताटापासून पाहुण्यांपर्यंत शंभर वेळा उच्चारतो आणि त्याचा कुत्र्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे त्याची धार जाते. कागदावर सहा शब्द लिहून फ्रीजवर लावावेत. हाताची खूण शब्दापेक्षा लवकर कळते, म्हणून आधी खूण शिकवावी आणि शब्द नंतर जोडावा.

खेळ हे बक्षीस कसे काय होऊ शकते? रस्सीखेच खेळल्याने कुत्रा आक्रमक होतो असे ऐकले आहे.

खाऊ गिळला की संपतो. खेळ चालू राहतो आणि त्यात आपण स्वतः असतो, म्हणून शिकवण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. रस्सीखेचीविषयीची भीती निराधार आहे. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना रस्सीखेचीत कधी जिंकू दिले, कधी हरवले, आणि त्याने कुत्रे माणसावर वरचढ होत नाहीत असे त्यांना २००२ च्या अभ्यासात आढळले. कुत्र्याला जिंकू द्यावे. जिंकलेला कुत्रा दोरी घेऊन पुन्हा आपल्याकडेच येतो.

‘सोड’ हा शब्द मी याच खेळातून शिकवते. जुन्या पंच्याला दोन गाठी माराव्यात. एक टोक कुत्र्याच्या तोंडात, दुसरे आपल्या हातात, आणि उंच न उचलता, मानेला हिसका न देता, आडवे खेचत खेळावे. दहा-पंधरा सेकंदांनी आपला हात गुडघ्याला चिकटवून पंचा एकदम निर्जीव करावा. कुत्रा आणखी खेचतो, गुरगुरतो, डोळे वर करून पाहतो. आपण हलायचे नाही आणि बोलायचेही नाही. काही क्षणांनी त्याचा जबडा सैल होतो. पंच्यावरची पकड सुटली की त्याच क्षणी टक् करावे आणि ‘घे!’ म्हणून खेळ पुन्हा सुरू करावा. कुत्र्याला कळते की सोडल्याने खेळ संपत नाही, उलट सुरू होतो. आठ-दहा फेऱ्यांनंतर हात थांबवण्याच्या आधी ‘सोड’ हा शब्द उच्चारायला लागावे. ज्या दिवशी तो रस्त्यावरचे कोंबडीचे हाड तोंडात धरेल, त्या दिवशी त्याच्या जबड्यात बोटे घालावी लागणार नाहीत.

खेळाचे नियम दोनच आहेत. दात त्वचेला लागले की दहा-वीस सेकंद खेळ बंद, आणि कुत्रा दमण्याआधी, त्याला अजून हवा असतानाच खेळ संपवायचा. दात येण्याच्या वयातील पिल्लांबरोबर फार हलक्या हाताने खेचावे.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

तीन ते पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, एवढे पुरते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ हा अनेक घरांत माझा आवडता तास आहे.

पिल्लू हाता-पायांना चावते. काय करावे?

पिल्लू तोंडानेच जग चाचपते, त्यामुळे चावणे हा दुर्गुण नाही. ओरडून, नाकावर टिचकी मारून किंवा तोंड दाबून धरून ते थांबत नाही. हात हा शत्रू आहे एवढे मात्र शिकवले जाते. दात लागले की उठून खोलीबाहेर जावे, अर्ध्या मिनिटाने परतावे आणि हातात खेळणे घेऊन यावे. पिल्लू फारच बेभान होत असेल, तर बहुधा त्याची झोप झालेली नसते. लहान पिल्ले दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात.

दाताने त्वचा फुटली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजविषयी डॉक्टरांचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा, मग पिल्लू घरचे का असेना.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरातच ठेवायला सांगितले आहे. तोवर शिकवायचे कसे?

पिल्लाच्या आयुष्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात जे सुखरूप अनुभवले, त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. लसींचा क्रम मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो. म्हणजे सगळे डोस होईपर्यंत घरात कोंडून ठेवले, तर ती खिडकी बंद झालेली असते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती खरी आहे, त्यामुळे मध्यम मार्ग काढावा लागतो. पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन न्यावे. रिक्षात मांडीवर घेऊन लक्ष्मी रस्त्यावरून एक फेरी मारली, तर बँडचे आवाज, फुगेवाला, पोलिसाची शिट्टी, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसे हे सारे अर्ध्या तासात दिसते आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक तुकडा देता येतो. लसीकरण झालेल्या, निरोगी ओळखीच्या कुत्र्याच्या घरी खेळायला नेण्याविषयी आपल्या पशुवैद्यांना विचारावे.

घरात शू-शी करतो. त्याचे नाक त्यात घासावे का?

कदापि नाही. त्यातून तो आपल्यासमोर शू न करण्याचे शिकतो आणि मग सोफ्यामागे करतो. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्यावे, गप्प उभे राहावे, आणि काम झाल्याबरोबर तेथेच बक्षीस द्यावे. घरात येऊन दिलेले बक्षीस घरात येण्याला मिळते. चुकलेली जागा फिनाइलने न पुसता वास मोडणाऱ्या एन्झाइमयुक्त द्रवाने पुसावी.

फिरताना पट्टा ओढतो. खांदा दुखायला लागला आहे.

ओढल्यावर आपण पुढे जातो, म्हणून तो ओढतो. पट्टा ताठ झाला की थांबावे, सैल झाला की चालावे. पहिल्या दिवशी फाटकापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत वीस मिनिटे लागतील, आणि ती देण्याची तयारी असावी. कुत्रा स्वतःहून आपल्या गुडघ्यालगत आला की टक् करून तुकडा द्यावा, तोही गुडघ्यालगतच. गळ्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस वापरावा.

याबरोबरच त्याला हुंगू द्यावे. खांब, झाडाचे बुंधे, बंद दुकानाची पायरी ही त्याची बातमीपत्रे आहेत, आणि ‘जा, हुंग’ ही परवानगी खाऊच्या तोडीचे बक्षीस असते. उन्हाळ्यात हे सगळे सकाळी लवकर करावे; एप्रिल-मे मध्ये डांबरावर आपल्या हाताचा पंजा पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला नेऊ नये.

वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर त्याला मोकळे सोडता येईल का?

हाक मारल्यावर येणे पक्के होईपर्यंत नाही, आणि मला विचाराल तर त्यानंतरही नाही. टेकड्यांवर मोर आहेत, साप आहेत, पहाटे फिरणारी वयस्कर माणसे आहेत. हार्नेसला अडकवलेली आठ-दहा मीटरची लांब दोरी कुत्र्याला पुरेसे स्वातंत्र्य देते.

‘ये’ शिकवायला घरात लपाछपी खेळावी. एकाने कुत्र्याला धरावे, दुसऱ्याने पडद्यामागे लपून एकदाच हाक मारावी, आणि सापडल्यावर मोठा जल्लोष करावा. मुले हा खेळ तासन्‌तास खेळतात. ‘ये’ म्हणून बोलावून अंघोळ घालणे, औषध पाजणे किंवा रागावणे टाळावे. त्या कामांसाठी आपण उठून कुत्र्याकडे जावे.

सोसायटीत लिफ्टला घाबरतो आणि दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो.

धनकवडीतील एका चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या चिंगी नावाच्या गावठी कुत्रीचे उदाहरण देते. ती लिफ्टपासून चार पावलांवर पोट जमिनीला टेकवून बसायची आणि तिला रोज उचलून आत न्यावे लागायचे. आम्ही उचलणे बंद केले आणि नऊ दिवस ती जिन्याने गेली. रोज दुपारी, वर्दळ नसताना, लिफ्टचे दार उघडे ठेवून तिला चार पावलांवरच चिकन देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने मान लांब करून उंबऱ्यापलीकडचा तुकडा उचलला, पाचव्या दिवशी पुढचे दोन पाय आत टाकले. आठव्या दिवशी ती आत बसली, दार बंद करून लगेच उघडले. नवव्या दिवशी एक मजला. कोणीही तिला ढकलले नाही, म्हणून ती पुन्हा मागे गेली नाही.

बेलसाठी मोबाइलवर बेलचा आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवावा, आणि आवाज येताच कुत्र्याच्या चटईवर खाऊ टाकावा. आवाज हळूहळू वाढवावा. तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री बेल ऐकून दाराऐवजी चटईकडे धावतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची टोळी पाहिली की आमचा कुत्रा भुंकत झेपावतो.

झेपावण्यामागे बहुतेक वेळा भीती असते. ज्या अंतरावर तो त्यांना पाहतो पण अजून खाऊ घेऊ शकतो, तेथेच थांबावे, एक-एक तुकडा द्यावा आणि परत फिरावे. ‘चल, वळ’ हा शब्द घरातच खेळात पक्का केला असेल, तर ऐन वेळी पट्टा हिसकावा लागत नाही. दगड उचलू नयेत आणि ‘छू’ तर कधीच म्हणू नये. त्या टोळीला खाऊ घालणाऱ्या व्यक्तीशी बोलून खाण्याची जागा व वेळ समजून घेतली, तर निम्मे काम होते.

गणपतीतल्या ढोल-ताशांची आणि दिवाळीच्या फटाक्यांची भीती कशी घालवावी?

पुण्यातला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याची तयारी उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. सुदैवाने पुण्यात त्यासाठी एक सोय आहे. ढोल-ताशा पथकांचे सराव गणपतीच्या कित्येक आठवडे आधी संध्याकाळी नदीपात्रात सुरू होतात, म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, दुरून ऐकता येईल असा आवाज आपल्याला मिळतो.

बंड्या नावाच्या बीगलला घेऊन आम्ही असेच गेलो होतो. पहिल्या दिवशी ढोल नीट ऐकूही येत नव्हते; छातीत नुसती धपधप जाणवावी इतकेच. बंड्याचे कान मागे गेले, पण त्याने चिकन घेतले. ठोका ऐकू आला की तुकडा, ठोका थांबला की तुकडे बंद, असे सहा मिनिटे केले आणि घरी परतलो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे: आवाज आधी, खाऊ नंतर. खाऊ आधी दिला, तर पिशवीची खसखस हीच धोक्याची सूचना बनते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना जेवणाआधीच्या खुणेने लाळ सुटत असे, तेच येथे भीतीच्या जागी बसवायचे आहे. आठवडाभराने पन्नास पावले पुढे, मग आणखी पन्नास. एका संध्याकाळी आम्ही हौसेने फार पुढे गेलो. बंड्याने तुकडा तोंडात घेऊन खाली टाकला. खाऊ नाकारणे हीच मर्यादा असते. तेथून लगेच मागे फिरलो आणि पुढचे तीन दिवस जुन्या अंतरावरच थांबलो. विसर्जनाच्या दिवशी तो खिडकीजवळ उभा राहिला, जांभई दिली आणि थोड्या वेळाने चटईवर जाऊन झोपला.

फटाक्यांसाठी ध्वनिमुद्रित आवाज हळू लावून हीच पद्धत वापरता येते. त्या दिवसांत मात्र प्रशिक्षण बाजूला ठेवून फक्त आसरा द्यावा: अंधारण्याआधी फिरवून आणावे, आतल्या खोलीत खिडक्या-पडदे बंद करावेत, पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, गळपट्ट्यावर फोन क्रमांकाची पट्टी असावी. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीतीला उत्तेजन मिळते, ही समजूत चुकीची आहे. तो जवळ येत असेल तर त्याला अवश्य जवळ घ्यावे. थरथर, लाळ, दार खरवडणे इथपर्यंत भीती असेल, तर उत्सवाच्या निदान महिनाभर आधी पशुवैद्यांकडे औषधाविषयी बोलावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

जेवताना जवळ गेले की गुरगुरतो. त्याला रागवावे का?

गुरगुरणे ही सूचना आहे, आणि सूचना देणाऱ्या कुत्र्याचे आभार मानावेत. रागावून गुरगुरणे बंद केले, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. ताट काढून घेऊन ‘सवय’ लावू नये. लांबूनच जाता-जाता ताटाच्या दिशेने चिकनचा तुकडा टाकावा आणि न थांबता पुढे जावे. माणूस जवळ आला की ताटातले वाढते, हे कळल्यावर मान ताठ होणे कमी होते. घरात लहान मूल असेल, तर कुत्र्याच्या जेवणाच्या वेळी ते दुसऱ्या खोलीत असावे, यात तडजोड करू नये.

आमची कुत्री सात वर्षांची आहे, शिवाय गावठी. आता शिकेल का?

होय. मोठ्या कुत्र्याचे लक्ष पिल्लापेक्षा अधिक वेळ टिकते. गावठी कुत्री तर माणसाच्या हालचाली वाचण्यात तरबेज असतात, कारण रस्त्यावर त्यांचे जगणे त्यावरच अवलंबून असते. त्यांना जबरदस्ती मात्र अजिबात मानवत नाही. सांधे दुखत असतील तर ‘बस’ ऐवजी नाकाने आपल्या तळहाताला स्पर्श करणे शिकवावे.

दिवसभर आम्ही कामावर असतो, तेव्हा त्याला बांधून ठेवले तर चालेल का?

दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा शिकण्याच्या मनःस्थितीतच नसतो. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. निघण्याआधी सकाळचे अर्धे जेवण जुन्या पंच्याच्या घड्यांत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात लपवून द्यावे. शोधून खाण्यात त्याचा वेळ जातो आणि नाक दमले की कुत्रा झोपतो. पावसाळ्यात फिरणे चुकले, तरी हाच उपाय करावा.

प्रशिक्षक निवडताना काय पाहावे?

तीन प्रश्न विचारावेत: माझ्या कुत्र्याने बरोबर केले तर तुम्ही काय कराल, चुकला तर काय कराल, आणि मी शिकवणी चालू असताना समोर बसू शकते का. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात साखळी, विजेचा गळपट्टा किंवा ‘वठणीवर आणतो’ हे शब्द आले, अथवा कुत्र्याला महिनाभर आमच्याकडे ठेवून जा असे सांगितले, तर नम्रपणे नकार द्यावा. नेहमी शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, तर प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्यांकडे न्यावे. कान, दात किंवा कंबर दुखत असल्याचे निदान झालेली अशी कित्येक कुत्री मी पाहिली आहेत, आणि औषध सुरू झाल्यावर त्यांतील अनेकांना माझी गरजच उरली नाही.